तळ्याकाठी एक हिवाळा

कॅराव्हॅन घ्यायचं मी ठरवलं तेव्हा आमच्या घरात दुसऱ्याच खरेदीची बोलणी चालली होती. मुलगा लंडनच्या उपनगरात, स्टॅनमोरला राहतो. त्याच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला निघाला होता. लीड्सचं घर विकून टाकायचं आणि तिकडे जायचं, असा नवऱ्याचा बेत होता. नातवंडं लहान आहेत तोवर, त्याचे स्वतःचे गुडघे धड आहेत तोवर, आणि दोघं डॉक्टर असलो तरी आपण एक दिवस जिन्यावरून पडणारच हे गृहीत धरून. बेत वाईट नव्हता. मला तो नको होता, एवढंच.

का नको होता ते तेव्हा मला धड सांगता आलं नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. रिपोर्ट झाला का, सॅम्पल मिळालं का, अजून किती वेळ. घरी आलं की पीटीचे कपडे कुठे आहेत, भाजी काय आहे, माझा चष्मा पाहिलास का. स्टॅनमोरला मी सात मिनिटांवर राहायला गेले असते आणि रोज सव्वातीनला शाळेच्या फाटकाशी उभी राहिले असते. नातवंडं मला प्रिय आहेत, कुणी विचारायच्या आत सांगून ठेवते. पण मला अशी एक जागा हवी होती जिथे मला कुणी काही विचारणार नाही. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत ती माझ्या वाट्याला आली नव्हती.

मुलगा फोनवर समजूत घालायचा. "आई, हे फ्लॅट खूप छान आहे. गार्डन शेअर्ड आहे, पण यू डोन्ट हॅव टू डू एनिथिंग. तुझी डिसीजनला किती वेळ लागेल?" तो इथेच जन्मला. त्याच्या मराठीत चुका असतात, पण प्रेम असतं, त्यामुळे नाही म्हणणं आणखी अवघड होतं. मी म्हणायचे, बघू.

ती जागा सापडली ती रस्ता चुकल्यामुळे. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही लीड्सपासून दोन तासांवरच्या एका तळ्याभोवती फिरायला गेलो होतो. पार्किंग समजून ज्या फाटकातून आत शिरलो ती कॅराव्हॅन साइट निघाली. तळ्याच्या काठाने तीस-चाळीस कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची लांबट घरं, ओळीने उभ्या होत्या. अशा बहुतेक जागा हिवाळ्यात दोन महिने बंद असतात. इथल्या पाटीवर मात्र बारा महिने उघडी असल्याचं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीतल्या एका जुन्या कॅराव्हॅनच्या खिडकीत 'फॉर सेल'चा कागद होता. साइटची मॅनेजर, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी एक धिप्पाड बाई, किल्ली घेऊन आली आणि दार उघडून देऊन स्वतः बाहेरच थांबली.

आत तपकिरी कार्पेट होतं, ओल्या कुत्र्याचा किंचित वास होता, आणि समोर भिंतभर खिडकी होती. खिडकीत नुसतं पाणी. मी तिथल्या सोफ्यावर बसले. दहा मिनिटं झाली तरी कुणी काही विचारलं नाही. मला रडू आलं, आणि ते का आलं हे मला चांगलं ठाऊक होतं.

नवरा बाहेर बुटाने चाकं ठोकून बघत होता. "याला व्हील्स आहेत, पण हे हलत नाही," तो म्हणाला. "म्हणजे धड गाडी नाही नि धड घर नाही."

परतीच्या वाटेवर गाडीतच करार झाला. आम्ही एकाच बॅचचे, त्यामुळे पहिल्यापासून अरे-तुरे आणि पहिल्यापासून भांडणं. त्याची भांडायची पद्धत हाडांच्या डॉक्टरची आहे: कुठे तुटलंय ते नेमकं बोट ठेवून दाखवायचं.

"एक विंटर," तो म्हणाला. "उन्हाळ्यात कुणीही जातं तळ्यावर. मार्चपर्यंत तू खरंच जात राहिलीस आणि ते खोकं धड राहिलं, तर स्टॅनमोर कॅन्सल. मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही झालं, तर तू नो कंप्लेंट्स पॅकिंग करायचं."

"कबूल," मी म्हटलं. रिटायर होताना हातात आलेले माझे पैसे होते, त्यातून मी ती घेतली.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मी खोटं बोलत नाही. हे कौतुकाने सांगत नाहीये, नवऱ्याच्या मते तो माझा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे. सॅम्पल खराब असेल तर मी ते परत पाठवायचे, मग समोर कितीही मोठा सर्जन थयथयाट करत असो. एकदा तो सर्जन माझा नवराच होता, आणि त्या दिवशी घरी आम्ही मुक्याने जेवलो. इथल्या आमच्या मराठी मंडळात मला दिवाळीला बोलावतात ते जरा भीतभीतच, कारण श्रीखंड आंबट झालं असेल तर मी यजमानीणबाईंना तसं सांगते. त्यांना ते कुणीतरी सांगायलाच हवं असतं, अशी माझी समजूत आहे.

सप्टेंबरपासून मी दर मंगळवारी जायला लागले आणि शुक्रवारी परत यायला लागले. पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं, तर धुराचा अलार्म असा काही बोंबलला की शेजारचे म्हातारे गृहस्थ फायर एक्स्टिंग्विशर घेऊन पायऱ्यांवर हजर. त्यांना आत बोलावून उरलेल्या दुधाचा चहा पाजला. एवढा एक प्रसंग सोडला तर तिथे काहीही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं. मी वाचायचे, झोपायचे, खिडकीतून पाणी बघायचे. ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी झाली, मग उघडी झाली. नवरा एकदाही आला नाही. करारात ते नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मॅनेजरबाईने मला हिवाळ्याचा धडा दिला. थंडीत कॅराव्हॅन बंद करून जाताना आतलं सगळं पाणी काढून टाकायचं. व्हॅनच्या खाली असलेला मेन कॉक बंद करायचा, सगळे नळ उघडायचे, बॉयलर रिकामा करायचा, खालच्या दोन तोट्या उघडून पाइपातला शेवटचा थेंबही जाऊ द्यायचा. पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. "एक थेंबसुद्धा नको, लव्ह," ती म्हणाली. मी लॅबमध्ये लिहायचे तशी नंबर घालून यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. घरी मात्र यातलं अक्षरही बोलले नाही. विरोधी पक्षाच्या हातात कागद कशाला द्या!

यादी सोपी होती. ती पाळणं मला किती जड जाईल याचा अंदाज मात्र मला नव्हता.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात वाढले. आमच्या नळाला आठ दिवसांतून एकदा, तेही पाऊण तास पाणी यायचं. त्या दिवशी शाळेला दांडी. आई पिंपं भरायची, हंडे, घागरी, कळशा भरायची, मग पातेली, मग डबे, आणि धार बारीक व्हायला लागली की तांबे आणि पेलेसुद्धा. पाणी गेलं की सगळ्यांवर झाकणं ठेवून ती एक फेरी मारायची आणि मगच बसायची. एकदा आम्ही सगळे मामाच्या लग्नाला गेलो आणि पाण्याचा दिवस चुकला. परत आलो तर घरातली सगळी भांडी कोरडी. पुढचे आठ दिवस मी आणि आई शेजाऱ्यांच्या दारी कळशी घेऊन उभ्या राहत होतो. लोक चांगले होते, देत होते. मी नऊ वर्षांची होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मी लीड्सला आल्यावर दर रविवारी आईचा फोन असायचा आणि तो नेहमी एकाच वाक्याने संपायचा: "पाणी भरून ठेवलंस ना?" पहिली काही वर्षं मी तिला सांगून पाहिलं की इथे चोवीस तास पाणी असतं, नळ कधीच कोरडा पडत नाही. ती ऐकून घ्यायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी नुसतं "हो" म्हणायला लागले. ते खोटं ठरू नये म्हणून खरोखरच भरूनही ठेवायला लागले. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. आमच्या स्वयंपाकघरात अजून एक स्टीलची कळशी आणि दोन पातेली भरलेली असतात. नवरा पुण्याचा, दाढी होईपर्यंत नळ सोडून ठेवणारा. तो पाहुण्यांना सांगतो, "लीड्सला दुष्काळ पडला तर आमच्याकडे या, बायकोने सोय केलीय." त्या भांड्यांना त्याने कधी हात लावला नाही.

त्यामुळे नळ उघडे टाकून, बॉयलर कोरडा करून दाराला कुलूप लावताना मला दर वेळी कसंसं व्हायचं. घर मागे टाकून निघाले असं नाही, घर उघड्यावर टाकून निघाले असं वाटायचं. तरी यादीप्रमाणे मी सगळं केलं. पाच आठवडे नीट केलं.

जानेवारीत नातवाला कांजिण्या आल्या. मुलगा आणि सून दोघांना सुट्टी मिळेना, तेव्हा मी आठवडाभर स्टॅनमोरला जायचं ठरलं. नवऱ्याला सर्दी होती म्हणून तो लीड्सलाच थांबणार होता. निघायच्या आदल्या दिवशी मी तळ्यावर सगळं बंद करत होते. यादी पूर्ण केली, नळ उघडे ठेवले, बॅग उचलली, दारापर्यंत आले. मागे वळून पाहिलं तर सिंकमध्ये एक थेंब नव्हता. ओट्यावर इथल्यासाठी घेतलेली कळशी पालथी होती. आठवडाभर मी इथे नसणार, आणि परत येईन तेव्हा घरात प्यायला घोटभर पाणी नाही.

मी बॅग खाली ठेवली. बाहेर जाऊन खालच्या तोट्या बंद केल्या, मेन कॉक सोडला. आत येऊन सगळे नळ बंद केले, बॉयलर भरू दिला, कळशी भरली, दोन पातेली भरली, झाकणं ठेवली. मेन कॉक तसाच चालू ठेवला, आल्या आल्या पाणी असावं म्हणून. मग एक फेरी मारून सगळं पाहिलं. मन अगदी शांत झालं. गाडी चालवताना मी गाणं गुणगुणत होते, हे मला स्वच्छ आठवतं. आयुष्यभर गोठणबिंदू शिकलेली, सॅम्पल फ्रीज करणारी बाई मी. त्या वेळी त्यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही.

स्टॅनमोरमध्ये चौथ्या दिवशी मोबाइल वाजला. मी नातवाच्या पाठीला कॅलामाइन लावत होते. मॅनेजरबाई म्हणाली, "तीन रात्री उणे सहा होतं, लव्ह. आज थंडी जरा ओसरलीय आणि तुझ्या व्हॅनखालून पाणी येतंय. मी कॉक बंद केलाय. आत किती झालंय सांगता येत नाही." मी थँक यू म्हटलं. नातवाने विचारलं, "आजी, हू वॉज इट?" मी म्हटलं, "रॉंग नंबर." माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मीच चकित झाले.

लीड्सला परतल्यावर नवऱ्याने विचारलं, "सगळं ठीक?" मी "ठीक" म्हटलं. हे दुसरं. दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर जायला निघाले तेव्हा त्याने जुन्या टॉवेलांचं एक गाठोडं आणून मागच्या सीटवर टाकलं. "कपाट आवरत होतो," तो म्हणाला. "तुझ्या तिकडे लागतील." मला तेव्हा नशीबच वाटलं.

पाइप चार ठिकाणी फुटला होता. बॉयलर गेला होता. कार्पेट पिळून काढावं इतकं भिजलं होतं. ओट्यावरच्या दोन पातेल्यांत अजून थोडा बर्फ होता आणि कळशीचा तळ फुगून बाहेर आला होता, त्यामुळे ती उभी राहत नव्हती. मी गुडघ्यांवर बसून त्या टॉवेलांनी पाणी टिपलं. मॅनेजरबाईने प्लंबर गाठून दिला, शेजारच्या म्हाताऱ्यांनी दोन हीटर आणून दिले. सगळं पूर्ववत व्हायला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा उजाडला. मी दर मंगळवारी जात होते, दर शुक्रवारी येत होते, आणि तो विचारेल तेव्हा "ठीक" म्हणत होते. सांगितलं तर खोकं धड राहिलं नाही हे सिद्ध होणार, आणि पॅकिंग सुरू होणार. मला ते नको होतं. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय ते मी त्या वयात शिकले, आणि चांगलं शिकले.

मार्चच्या एक तारखेला सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "ऑलराइट. जिंकलीस तू. मी पोराला फोन करून सांगितलंय, फ्लॅट नको." त्याने टोस्टला लोणी लावलं आणि पेपर उघडला. मी आनंदाने उडी मारायला हवी होती. मी उठून सिंकमधली स्वच्छ भांडी पुन्हा घासली. माझी स्वतःचीच मला लाज वाटत होती, आणि तरीही मी बोलले नाही.

उन्हाळा गेला. नातवंडं आठवडाभर तळ्यावर येऊन राहिली, मुलाने काठावर बसून लॅपटॉपवर काम केलं आणि "आई, आय गेट इट नाऊ" असं म्हणाला. नवरा तेव्हाही आला नाही, गुडघ्याचं कारण होतं. मग पुन्हा नोव्हेंबर आला.

एका शुक्रवारी दुपारी मी आवराआवर करत असताना त्याचा फोन आला.

"अगं, फोरकास्ट बघितलंस? उद्यापासून मायनस फोर. निघायच्या आधी पाणी काढलंस ना?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. पाणी काढावं लागतं हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"जानेवारीत. तुझ्या त्या मॅनेजरबाईचा फोन आधी लँडलाइनवर आला होता. इमर्जन्सी नंबर तूच लिहून दिलायस. मी म्हटलं, ती स्टॅनमोरला आहे, तिच्या मोबाइलवर कर. आणि मला कळलंय हे तिला सांगू नकोस."

मला ते टॉवेल आठवले.

"मग मार्चमध्ये बोलला का नाहीस? तू जिंकला होतास."

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तू लोकांच्या घरी जाऊन श्रीखंड आंबट झालंय सांगणारी बाई. मला वाटलं, दोन दिवसांत सांगेल. मग वाटलं, आठवड्यात सांगेल. तू सांगितलंच नाहीस."

"नाही सांगितलं."

"तोपर्यंत मला वाटत होतं, तुझा हट्ट आहे. तू त्या खोक्यासाठी खोटं बोललीस, त्यानंतर नाही वाटलं."

खिडकीबाहेर तळं राखाडी होतं आणि त्याच्यावर दोन बदकं होती. मी फडक्याची घडी घातली. मग तो त्याच्या नेहमीच्या आवाजात आला.

"बरं, आता खरं सांग. काढलंस का सगळं?"

"पाइप रिकामे आहेत. बॉयलर रिकामा आहे." मी ओट्याकडे पाहिलं. "ओट्यावर एक कळशी भरलेली आहे. नवीन."

"ती गाडीत घे. पुढच्या सीटवर ठेव आणि तिला बेल्ट लाव."

मी तसंच केलं. कळशीवर ताटली ठेवली, वरून फडकं बांधलं, बेल्ट लावला, आणि दोन तास वळणांवर हळू गाडी चालवत लीड्सला आले. तो दारात उभा होता. माझी बॅग घ्यायच्या आधी त्याने पलीकडून गाडीचं दार उघडलं, बेल्ट सोडवला आणि कळशी दोन्ही हातांनी उचलली. पायऱ्या चढताना त्याचा गुडघा दुखतो, म्हणून तो एकेक पाऊल टाकत वर गेला.

आत गेल्यावर त्याने मला विचारलं, "ही कुठे ठेवतेस तू?"